वर्गात तंत्रज्ञान आणताना: कोल्हापूर परिसरातल्या शाळांसाठी सविस्तर मार्गदर्शन

शाळेत टीव्ही किंवा प्रोजेक्टर आला की "आता यावर काय दाखवायचं?" अशी चर्चा सुरू होते आणि तिथंच काम चुकीच्या टोकाकडून सुरू होतं. सुरुवात मुलांच्या वह्यांपासून करा. गेल्या घटक चाचणीचे पेपर काढा. जास्तीत जास्त मुलांनी एकाच प्रकारे चुकवलेले तीन प्रश्न शोधा आणि त्यातली एकच अडचण निवडा. पाचवीत १/८ हा १/४ पेक्षा मोठा वाटतो, कारण ८ हा ४ पेक्षा मोठा. सातवी-आठवीत मुलं समजतात की विद्युतप्रवाह बल्बमध्ये "खर्च" होतो आणि पलीकडं कमी उरतो. तिसरीत काही मुलं जोडाक्षर आलं की शब्दाचा अंदाज बांधून पुढं जातात. या तीन अडचणींना तीन वेगळी साधनं लागतात, म्हणून अडचण ठरल्याशिवाय ॲप शोधायला बसू नका.

डोळ्यांना न दिसणारी गोष्ट असेल (विद्युतप्रवाह, रेणूंची हालचाल, ग्रहांची गती), तर सिम्युलेशन (पडद्यावर बदल करून बघता येणारा आभासी प्रयोग) उपयोगी पडतं. कुणाला समजलं आणि कुणाला नाही हे लगेच कळायला हवं असेल, तर उत्तरकार्डं घ्या. वाचन कच्चं असेल, तर फोनचा व्हॉइस रेकॉर्डर पुरतो. आकडे पुष्कळ असतील, तर स्प्रेडशीट (कॉम्प्युटरवरचा आकडेमोड करणारा तक्ता). जी गोष्ट समोर दाखवता येते तिचा व्हिडिओ लावू नका. हंगामात गुऱ्हाळ शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर बाष्पीभवन तिथं काहिलीजवळ उभं राहून शिकवा. वाफ, वास आणि घट्ट होत जाणारा रस हे पडद्यावर येत नाही.

पडदा शेवटच्या बाकावरून दिसतो का

हे मोजूनच ठरवायचं. वाचायचा मजकूर असेल तर शेवटच्या मुलाचं अंतर चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा जास्त नको. ४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण २१ इंच असते, म्हणजे तो साडेदहा फुटांपर्यंतच आरामात वाचता येतो. ५५ इंचीची उंची २७ इंच, म्हणजे साडेतेरा फूट. ६५ इंचीची सुमारे ३२ इंच, म्हणजे सोळा फूट. वर्ग वीस फूट लांब असेल तर ४३ इंची टीव्हीवर पाठ्यपुस्तकाचं पान उघडून उपयोग नाही, मागच्या तीन रांगा नुसत्या बघत बसतील. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच मातीतल्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला पडदा वाचता येत नसेल, तर ते उपकरण त्या मुलासाठी आलेलंच नाही.

टीव्ही लहानच असेल तर दोन उपाय आहेत. पहिला, मुलांना जमिनीवर अर्धवर्तुळात जवळ बसवणं. लहान वर्गांत हा फार चांगला चालतो. दुसरा, अक्षर मोठं करणं. वीस फुटांवरून वाचायचं असेल तर ४३ इंची टीव्हीवरच्या स्लाईडवर ४० पॉइंटपेक्षा लहान देवनागरी अक्षर नको. मग एका स्लाईडवर सहा-सात ओळीच मावतात, आणि तेवढ्याच पुरेशा असतात. देवनागरीत मात्रा, रफार, जोडाक्षरं बारीक होऊन मिसळतात, त्यामुळं रोमन लिपीसाठी पुरेसा वाटणारा आकार आपल्याला अपुरा पडतो. गडद निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षर टाळा. पांढऱ्यावर काळं सगळ्यात सुरक्षित.

प्रोजेक्टर घेणार असाल तर दुकानात "लुमेन किती?" एवढंच विचारून थांबू नका. एएनएसआय लुमेन, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीनं मोजलेला उजेड, विचारा. खोक्यावर मोठा आकडा छापलेले स्वस्त प्रोजेक्टर दिवसा उघड्या खिडकीच्या वर्गात फिके पडतात. अर्धवट अंधार करता येत असेल तर खरे ३००० ते ३५०० एएनएसआय लुमेन लागतात. अंतराचा हिशोब सोपा आहे: यंत्राच्या माहितीपत्रकातलं थ्रो गुणोत्तर गुणिले चित्राची रुंदी. गुणोत्तर १.५ आणि रुंदी सहा फूट असेल, तर प्रोजेक्टर नऊ फुटांवर ठेवावा लागेल. छताला आकडी ठोकण्याआधी हा हिशोब करा, आणि पंख्याचं पातं प्रकाशाच्या आड येतं का तेही बघा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं.

पाऊस, पत्रा आणि वीज

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हा शाळेचा ऐन काळ, आणि त्याच काळात वीज वारंवार जाते, दाब खालीवर होतो. पत्र्याच्या छतावर पावसाचा आवाज सुरू झाला की टीव्हीचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. टीव्हीचे स्पीकर बहुतेक खाली किंवा मागं तोंड करून असतात. वेगळा स्पीकर मुलांच्या कानाच्या उंचीला, समोर ठेवा. तरीही ऐकू येत नसेल तर व्हिडिओ आवाज बंद करून चालवा आणि निवेदन तुम्ही करा. खरं तर तीन-चार मिनिटांच्या चित्रफितीसाठी शिक्षकाचं निवेदन नेहमीच जास्त कामाचं ठरतं, कारण तुम्ही हवं तिथं थांबता आणि मुलांच्या बोलीत बोलता.

इन्व्हर्टरचा हिशोब असा. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीत १८०० वॉट-तास असतात. बॅटरी टिकावी म्हणून त्यातली निम्मीच वापरायची आणि रूपांतरात जाणारी वीज वजा करायची, म्हणजे साधारण ७२० वॉट-तास हातात राहतात. टीव्ही आणि स्पीकर मिळून १२० वॉट असतील, तर सहा तास. प्रोजेक्टर ३०० वॉटचा असेल, तर अडीच तासही नाहीत. पावसाळी भागात टीव्ही बरा म्हणायचं हे एक मोठं कारण. विजा चमकत असतील तर बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग उपसून ठेवा. डिश किंवा केबलची तारही सोडवा.

दमट हवेत प्रोजेक्टरच्या भिंगाला बुरशी लागते. सुट्टी असली तरी आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं यंत्र चालू ठेवा आणि पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या टाका. रंग बदलणाऱ्या घेतल्यात तर कधी वाळवायच्या ते कळतं. पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठच्या शाळांसाठी आणखी एक गोष्ट: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सामान हलवायचा निर्णय ३९ लाच घ्या, कारण ४३ च्या सुमारास गावातले हात घरं रिकामी करण्यात गुंतलेले असतात. टीव्ही भिंतीवरून काढायला कुठला पाना लागतो, तो कुठं ठेवलाय आणि सामान कुणाच्या माडीवर जाणार, हे मे महिन्यातच लिहून ठेवा.

साहित्य आधी उतरवून ठेवा

तासाला नेटवर अवलंबून राहू नका. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा ॲपमधून स्कॅन करा. कोड फाटला किंवा पुसट झाला असेल तर त्याखालचा सहा अक्षरांचा सांकेतांक टाईप करूनही तेच साहित्य उघडतं. हे घरी किंवा गावात जिथं नेट चांगलं आहे तिथं आदल्या दिवशी डाउनलोड करा. एका फोनवर उतरलेला पाठ फाईल म्हणून दुसऱ्या फोनवर पाठवता येतो, प्रत्येक शिक्षकानं पुन्हा डेटा जाळायची गरज नाही. कोलोराडो विद्यापीठाचा फेट प्रकल्प २००२ पासून विज्ञान-गणिताची मोफत सिम्युलेशन देतो. त्यातली अनेक मराठीत आहेत आणि एकेक फाईल उतरवून नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. भूमितीसाठी जिओजेब्रा, गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर.

पेनड्राइव्हवरून व्हिडिओ लावताना तीन ठिकाणी अडतं. काही टीव्ही फक्त फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वाचतात, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. जुन्या टीव्हीला एमकेव्ही किंवा एचईव्हीसी हे व्हिडिओचे प्रकार कळत नाहीत, आवाज येतो पण चित्र काळं राहतं. असं झालं तर एमपी-४ प्रकारात, एच-२६४ निवडून रूपांतर करा. तिसरं म्हणजे मराठी नावाची फाईल काही टीव्हींवर चौकोन-चौकोन दिसते किंवा उघडत नाही, म्हणून फाईलला आकड्यांचं नाव द्या.

फोन टीव्हीला केबलनं जोडायचा असेल तर केबल विकत घेण्याआधी तपासा. बऱ्याच स्वस्त फोनच्या सी-टाईप पोर्टमधून चित्र बाहेर जातच नाही, त्यातून फक्त चार्जिंग आणि फाईल जातात. अशा फोनला कितीही महागडी एचडीएमआय केबल लावली तरी पडदा रिकामाच राहणार. प्रश्नपत्रिका कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर ऑनलाईन फॉर्ममध्ये चिकटवल्यावर त्यांची नुसती खिचडी दिसते. युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि पुढचं टायपिंग इनस्क्रिप्ट कळफलकावरच करा. सवय व्हायला वेळ लागतो, पण एकदा केलेलं काम सगळीकडं चालतं.

एक तास उलगडून: पाचवी, अपूर्णांक

मुलांच्या हातात एकही उपकरण नसताना संपूर्ण वर्गाचं उत्तर मिनिटभरात कळायला प्लिकर्ससारखी छापील उत्तरकार्डं उत्तम. प्रत्येक कार्डावर वेगळा काळा आकार असतो. कार्ड ज्या बाजूनं वर धरलं ते उत्तर: ए, बी, सी किंवा डी. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कुणी काय उत्तर दिलं ते फोनवर येतं. नेट लागतं ते फक्त शिक्षकाच्या फोनला.

कार्डं जाड, मॅट कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड त्यावर चमकला की कॅमेऱ्याला आकार दिसत नाही आणि नेमक्या खिडकीजवळच्या मुलांची उत्तरं गायब होतात. कार्डाचा क्रमांक म्हणजेच हजेरी क्रमांक ठेवा आणि ॲपमध्ये नाव टाकूच नका. कार्ड छातीसमोर दोन्ही हातांनी कडेला धरायचं. बोटं काळ्या आकारावर आली की स्कॅन होत नाही. पहिल्या दिवशी "तुला काय आवडतं, आंबा की फणस?" असा प्रश्न देऊन फक्त धरण्याचा सराव घ्या.

आता ४० मिनिटांचा तास. फळ्यावर प्रश्न: सारख्याच भाकरीचा सगळ्यात मोठा तुकडा कोणता? ए) १/४, बी) १/३, सी) १/८, डी) तिन्ही सारखे. पर्याय असे निवडलेत की चुकीचं उत्तरही काहीतरी सांगतं. सी म्हणणारं मूल छेदाला साधी संख्या समजतं. डी म्हणणारं फक्त वरचा १ बघतं. ए म्हणणारं बहुधा अंदाज करतं. चुकीच्या पर्यायामागं मुलाचा विचार दिसत नसेल तर तो पर्याय बदला, नाहीतर स्कॅन करून आकडा मिळतो पण पुढं काय शिकवायचं ते कळत नाही.

बोलू न देता दीड मिनिट विचार, मग स्कॅन. बरोबर उत्तर आत्ताच सांगू नका आणि निकालाचा तक्ता पडद्यावर दाखवू नका. बहुमत दिसलं की मुलं विचार सोडून तिकडं सरकतात. ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तर मुलांना जोडीत बसवा: "शेजाऱ्याला तुझं उत्तर पटवून दे," दोन मिनिटं, मग पुन्हा स्कॅन. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी हार्वर्ड विद्यापीठात १९९० च्या दशकात ही पद्धत रुजवली, आणि ती आपल्या साठ मुलांच्या वर्गातही तेवढीच चालते. ३० टक्क्यांच्या खाली असेल तर चर्चेचा उपयोग नाही, कारण पटवून देणारं कुणी नाही. मग थेट कृतीकडं जा. ७० च्या वर असेल तर मागं राहिलेल्यांची नावं टिपून पुढं सरका.

कृती कागदाचीच. प्रत्येक जोडीला २४ सेंटिमीटर लांब तीन पट्ट्या. एकीचे तीन भाग (प्रत्येकी ८ सेंमी), दुसरीचे चार (६ सेंमी), तिसरीचे आठ (३ सेंमी). २४ हा आकडा मुद्दाम घेतलाय, तिन्ही भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये येतात आणि मोजताना नवीन गोंधळ होत नाही. इथं टॅबवरचं ॲप आणू नका. घडी घालताना भाग लहान होत जातो हे हाताला कळतं, तो अनुभव आधी लागतो. ॲप नंतर, १/७ आणि १/११ सारखे कागदावर न जमणारे भाग दाखवायला.

शेवटची पाच मिनिटं नवा प्रश्न: ३/५ आणि ३/८ मध्ये मोठा कोणता? आधीचाच प्रश्न पुन्हा दिला तर मुलं उत्तर आठवून देतात. चार-पाच दिवसांनी, त्या विषयाबद्दल काही न बोलता, आणखी एक प्रश्न कार्डांवर घ्या. खरा निकाल तो.

कार्डं नाहीत किंवा नेट गेलं? एला एक बोट, बीला दोन, सीला तीन, डीला चार अशी बोटं छातीशी धरून उत्तर दाखवायला सांगा आणि नजरेनं मोजा. नोंद राहत नाही, पण शिकवण्याचा निर्णय घेता येतो.

फोन म्हणजे वर्गाचा कॅमेरा

आहे त्या साधनांत सगळ्यात जास्त फायदा इथं आहे आणि सगळ्यात कमी वापर इथंच होतो. फोन ३० ते ४० सेंटिमीटर उंचीवर आडवा बांधून खाली वही ठेवा आणि कॅमेऱ्याचं चित्र टीव्हीवर आणा. एका मुलाचं भागाकाराचं गणित पायरी-पायरीनं सगळ्यांसमोर उलगडतं, आणि "पुढची पायरी काय?" हा प्रश्न खरा होतो. उजेड बाजूनं येऊ द्या, वरून आला तर हाताची सावली नेमकी अक्षरावर पडते. फोकस लॉक करा, नाहीतर हात हलला की चित्र धूसर होतं. वहीवरचं नाव झाका. आणि सुरू करण्याआधी फोन "व्यत्यय नको" स्थितीत टाका, म्हणजे घरचे निरोप पडद्यावर येणार नाहीत. चूक दाखवायची असेल तर ती वही स्वतःच्या अक्षरात नव्यानं लिहून ठेवा, कुणा मुलाची नको.

सिम्युलेशन: आधी अंदाज, मग बटण

विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये एका घटाला दोन बल्ब एकसरीत जोडा आणि ॲमीटर (प्रवाह मोजणारं यंत्र) तीन ठिकाणी लावा: पहिल्या बल्बआधी, दोघांच्या मध्ये, दुसऱ्यानंतर. चालू करण्याआधी प्रत्येक मुलानं वहीत तीन आकड्यांचा क्रम लिहायचा: वाढेल, कमी होईल, सारखा. लिहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही. तिन्ही ठिकाणी आकडा सारखाच येतो आणि वर्गात गलका होतो. मग लगेच खरा दीड व्होल्टचा सेल, तारा आणि दोन बॅटरी-बल्ब घेऊन तेच जोडा. बल्ब मंद लागतील, कारण दोन्हींचा मिळून रोध वाढला आणि प्रवाह सगळीकडंच कमी झाला. खरा प्रयोग सोडून नुसतं सिम्युलेशन केलं तर काही मुलं "ते कॉम्प्युटरमधलं आहे" असं म्हणून जुनी समजूत तशीच ठेवतात.

पंचगंगेचा आलेख

आठवीच्या आलेखासाठी याहून चांगली माहिती शोधून सापडणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा प्रशासनाच्या रोजच्या पूरस्थिती अहवालात राजाराम बंधाऱ्याची पातळी येते. मुलं ती रोज एका ठराविक वेळेची लिहून घेतात आणि महिन्याअखेर स्प्रेडशीटमध्ये भरतात.

इथं एक ठरलेली चूक होते. अहवालात "३८ फूट ६ इंच" असतं आणि मुलं ३८.६ भरतात. सहा इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणजे ३८.५. एका स्तंभात फूट, दुसऱ्यात इंच, आणि तिसऱ्यात सूत्र: फूट अधिक इंच भागिले १२. हे मुलांना आधी सांगू नका. "३८ फूट ११ इंच कसं भरणार?" एवढं विचारा. ३८.११ हे ३८.६ पेक्षा लहान दिसतं आणि गडबड त्यांच्याच लक्षात येते.

रेषालेख काढल्यावर ३९ आणि ४३ वर दोन आडव्या रेषा टाका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, तो आकडा तिसरी रेषा म्हणून घ्या. पुढचे प्रश्न आलेखातूनच निघतात: राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर बंधाऱ्यावर वाढ किती वेळानं दिसली? पाणी चढताना रेषा जास्त तीव्र की उतरताना? उभा अक्ष शून्यापासून घेतला तर काय दिसतं, ३० पासून घेतला तर काय? शेवटचा प्रश्न वर्तमानपत्रातले आलेख वाचायला शिकवतो. पूर पाहिलेल्या घरातली मुलं वर्गात असतील याचं भान ठेवा, त्यांना घरातल्या नुकसानीबद्दल वर्गासमोर बोलायला लावू नका.

वाचनासाठी रेकॉर्डर

साठ ते ऐंशी शब्दांचा उतारा, व्हरांड्यात, एक मिनिट. मूल वाचतं, फोन रेकॉर्ड करतो, मग मूल स्वतः ऐकतं आणि अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मारतं. बरोबर वाचलेले शब्द मोजून तारखेसह लिहायचे. तीन आठवड्यांनी तोच उतारा, आणि दोन्ही आवाज शेजारी शेजारी ऐकवायचे. इचलकरंजीत बाहेरून आलेल्या यंत्रमाग कामगारांची मुलं, गडहिंग्लज-चंदगडच्या सीमेवरची कन्नड बोलणारी मुलं यांच्या बाबतीत उच्चाराचा फरक चूक म्हणून मोजू नका. ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांबरोबर आलेल्या मुलांना गावी परतताना त्यांचे उतारे आणि गोष्टी पालकांच्या फोनच्या मेमरी कार्डवर भरून द्या.

आवाज आणि फोटो ही मुलाची खासगी माहिती आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे आणि पालकांच्या संमतीवर भर आहे. संमती शाळेच्या कागदावर, मराठीत, कशासाठी आणि किती दिवस ठेवणार ते लिहून घ्या. मुलांचे गुण किंवा रेकॉर्डिंग पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. मोजून झालं की फाईल पुसून टाका, वहीतला आकडा पुरतो.

सहा आठवड्यांनी पुन्हा पेपर काढा आणि निवडलेली ती एक अडचण तपासा. तीच चूक तेवढीच मुलं करत असतील तर आधी साधन कुठल्या पायरीला वापरलं ते बघा. बहुतेक वेळा अंदाज लिहून घेण्याची पायरी वगळलेली असते. ती पायरी घेऊनही फरक नसेल तर त्या अडचणीपुरतं ते साधन सोडून द्या आणि टीव्हीचा तास शेजारच्या वर्गाला द्या.